'पिशवीचा कॅन्सर' म्हणजे नेमका कोणता?

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत 'पिशवीचा कॅन्सर' हा एकच शब्द रूढ आहे. आरोग्यविषयक पत्रकेही अनेकदा तोच वापरतात आणि खाली लक्षणांची यादी देतात : अंगावरून पांढरे जाणे, पाळी अनियमित होणे, कंबर दुखणे. अशा यादीवर माझा आक्षेप आहे. ही लक्षणे कर्करोगात दिसू शकतात हे खरे; परंतु पांढरे जाणे व कंबरदुखी यांमागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग, अतिश्रम अशी साधी कारणे असतात. यादीत स्त्रीचे वय नसते आणि पुढे कोणती तपासणी करायची हेही नसते.

मुळात हे दोन वेगळे रोग आहेत. गर्भाशय उलट्या धरलेल्या सुरईसारखे असते. सुरईची मान म्हणजे गर्भाशयमुख. तेथील कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो आणि बराच काळ काहीच जाणवत नाही. पुढे संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते, दुर्गंधीयुक्त स्राव होतो. दुसरा कर्करोग सुरईच्या पोटातील अस्तराचा. तो बहुधा पाळी गेल्यानंतर होतो; लठ्ठपणा व मधुमेह असल्यास धोका वाढतो. पाळी गेलेल्या वयात तो झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जणींत रक्तस्राव हे लक्षण असते. उलट, पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या शंभरांपैकी साधारण नऊ-दहा जणींनाच कर्करोग निघतो. म्हणून तपासणी हवीच, पण घाबरण्याचे कारण नाही. येथे सोनोग्राफी व अस्तराचा तुकडा तपासणे उपयोगी पडते. गर्भाशयमुखाची चाचणी चांगली आली म्हणजे अस्तर निरोगी आहे, असे ठरत नाही.

ही फारकत न केल्याचे परिणाम शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ च्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतील पुष्कळ होत्या. डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, असे अनेकींनी सांगितले. अर्धवट जागृती ही अशा भीतीला आयते रान मोकळे करून देते.

याउलट उदाहरण बार्शीचे. तेथील नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधारे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावत आणि संशयित स्त्रीला तपासणीपर्यंत नेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे कस्तुरी जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. पुढे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर प्रयोग झाला. २००९ मधील निष्कर्षानुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ जणींच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर चाचणी न दिलेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. चाचण्यांचा उपयोग माहीत असताना या दुसऱ्या गटाला त्यांपासून दूर ठेवल्याबद्दल झालेली टीका मला रास्त वाटते. शिवाय हे सारे काम गर्भाशयमुखापुरते आहे; अस्तराच्या कर्करोगाला ते लागू करता येणार नाही.

तेव्हा कोणतेही पत्रक हाती आले की तीन प्रश्न विचारावेत : रोग कोणत्या भागाचा? लक्षण कोणत्या वयात, केव्हा दिसले तर? तपासणी कोणती व कोठे? नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांचे नाव पत्रकात असायला काय हरकत आहे?

प्रजननसंस्थेचा धडा शिकवताना शिक्षकांनी आकृतीत मुख व अस्तर वेगळे दाखवावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर आजी 'पुन्हा पाळी आली' म्हणून गप्प बसते. ती पाळी नव्हे, आठवड्याभरात डॉक्टरला दाखवायचे, एवढे वाक्य नातीने घरी नेले तरी पुष्कळ झाले.