‘संदर्भ: गुगल’

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, त्यामुळे बीडकडच्या कॉलेजांत मराठीचा प्रकल्प म्हटलं की ते येतातच. वाक्यही ठरलेलं: आद्यकवी मुकुंदराजांनी ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला. खाली ‘संदर्भ: गुगल’.

गुगल हा फक्त रस्ता झाला. साल आलं कुठून? ग्रंथाच्या शेवटी एका ओवीत शके १११० येतं. त्यात ७८ मिळवले की ११८८. सगळा डोलारा त्या एका ओवीवर, आणि तिच्यावर किती विसंबायचं याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ग्रंथ लिहिला कुठे, यावर तर वैनगंगेकाठचं आंभोरंही हक्क सांगतं. निबंधात यातलं काहीच दिसत नाही.

आम्हा कोडिंगवाल्यांकडे ‘गिट ब्लेम’ असतं: कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते लगेच कळतं. (नाव वाईट, सोय भारी.) निबंधात हेच काम तळटीप करते. पण पोरं आदल्या रात्री न वाचलेल्या चार पुस्तकांची नावं शेवटी चिकटवतात. मला हे कॉपीपेक्षा वाईट वाटतं. कॉपीचं मूळ निदान सापडतं तरी.

‘विवेकसिंधु’ची कुठली आवृत्ती पाहिली, संपादक कोण, पान कितवं, एवढं लिहा. मग ११८८ च्या आधी ‘परंपरेनुसार’ हा शब्द आपोआप येईल.