बाहुलीचा नाताळ : लघुत्वाची कसोटी

खेळण्यांविषयी टीकाकाराने बोलू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. महाकाव्याचे, नाटकाचे, चित्राचे गुणदोष पाहावेत. बाहुलीचा झगा मात्र मुलींवर आणि त्यांच्या आज्यांवर सोपवावा, अशी ही वाटणी. आम्हांस ती मान्य नाही. जेथे द्रव्य आहे, हात आहे आणि निवड आहे, तेथे कलेचा प्रश्न उभा राहतोच. म्हणून अमेरिकेत हौसेने जोपासल्या जाणाऱ्या एका कारागिरीचा विचार आम्ही येथे योजिला आहे. बाहुल्यांसाठी नाताळची वस्त्रे शिवणे आणि त्यांच्या दिवाणखान्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यकाळातील धाटणीची, बोटाच्या पेराएवढी सजावट घडविणे, ही ती कारागिरी होय. तिला रेट्रो म्हणतात. या नावात गतकाळाविषयीचे जे प्रेम आहे, त्याचीच परीक्षा आम्हांस करावयाची आहे.

प्रथम वस्त्रांकडे पाहू. या छंदातील बहुतेकांची नायिका जी बार्बी, ती १९५९ साली बाजारात आली. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे प्रमाण सुमारे एकास सहा. प्रमाण एकदा ठरले की उरते ते केवळ गणित, असे नवशिक्यास वाटते आणि येथेच त्याची फसगत होते. माप सहापट लहान करता येते. कापड करता येत नाही. मोठ्या झग्याचा घेर स्वतःच्या भाराने खाली ओघळतो. तोच झगा वीतभर झाला की त्यास भार उरत नाही आणि घेर कागदाच्या शंकूसारखा ताठ उभा राहतो. अर्ध्या इंचाची चौकट बाहुलीच्या अंगावर तीन इंचांची दिसते. मखमलीची लव एवढी लांब भासते की राजकन्येऐवजी अस्वल अवतरावे. म्हणून जाणती शिवणारी मखमल सोडून तलम मलमल किंवा जुन्या रुमालाचे झिजलेले सूत निवडते; चुण्या निम्म्या करते; शिवणीची माया अगदी थोडी ठेवते; आणि चिमुकल्या मुंढ्यात बाही गोल बसविण्याच्या भरीस न पडता, कापड सपाट असतानाच बाही जोडून मग बाहीपासून कमरेपर्यंत एकच शिवण घालते. लहान करणे म्हणजे कमी करणे नव्हे. काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे, याचा निर्णय करणे होय.

या दृष्टीने बार्बीचे आरंभीचे कपडे आजही अभ्यसनीय आहेत. मॅटेल कंपनीच्या वेशरचनाकार शार्लट जॉन्सन यांनी ते योजिले आणि जपानात ते शिवले गेले. त्यांना खरी अस्तरे होती, सरकणाऱ्या चेनी होत्या, काजांतून जाणारी मोहरीसारखी बटणे होती. याउलट १९८८ साली निघालेली 'हॅपी हॉलिडेज' बार्बी पाहावी. तांबड्या जाळीचा तो फुगीर, चकाकता झगा पहिल्या दृष्टिक्षेपात दिपवितो. परंतु दुसऱ्या दृष्टिक्षेपासाठी त्यात काही शिल्लक राहत नाही. घरगुती शिवणकामातही हे दोन संप्रदाय आहेत. एक शिवणीवर विश्वासतो, दुसरा चमकीवर. आमचा कौल पहिल्यास आहे.

आता सजावटीकडे वळू. या छंदाचे सर्वांत लाडके रूप म्हणजे 'शायनी ब्राइट' नावाचे काचगोळे. त्यांची कथा अर्थपूर्ण आहे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या गावी कुटुंबेच्या कुटुंबे घरात बसून काच फुंकीत आणि नाताळचे गोळे घडवीत. १८८० साली अमेरिकन दुकानदार वूलवर्थ यांनी ते आयात करण्यास आरंभ केला. पुढे माक्स एकार्ट या व्यापाऱ्याने युद्धाची चाहूल लागताच अमेरिकेतच सोय पाहिली, आणि विजेच्या दिव्यांचे फुगे काढणाऱ्या कॉर्निंगच्या यंत्रातून नाताळचे गोळे निघू लागले. दुसरे महायुद्ध पेटले आणि धातू दुर्मिळ झाले. गोळ्यांच्या आतील चंदेरी लेप गेला. पारदर्शक काचेवर रंगाच्या बारीक रेषा तेवढ्या उरल्या. वरचे धातूचे टोपणही गेले आणि त्या जागी पुठ्ठ्याचे आले. टंचाईने घडविलेले ते गोळे आमच्या मते त्या मालिकेतील सर्वांत सुंदर होत. कारण प्रकाश त्यांच्यावर आपटून परत फिरत नाही, त्यांच्यातून पार जातो.

आजचा लघुकारागीर काचेच्या मण्यास टोपण चिकटवून हा गोळा बनवितो. शंभरांतील नव्वद जण चंदेरी, झगझगीत गोळाच करतात. साध्या मण्यावर रेषा ओढून त्यास पुठ्ठ्याची टिकली बसविणारा क्वचितच आढळतो. येथेच या कलेचा कस लागतो. गतकाळाचा चकचकाट तेवढा घ्यावयाचा आणि त्याची ओढगस्त टाकून द्यावयाची, ही स्मृती नव्हे. ही स्मृतीची मिठाई आहे. यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते हे, की ज्या घरांनी पुठ्ठ्याच्या टोपणावर सण साजरा केला, ती घरे इतिहासातून पुसली जातात.

झाडांच्या बाबतीत मात्र हा छंद अधिक प्रामाणिक आहे. दोन तारांमध्ये घायपाताचे तंतू धरून तारांस पीळ द्यावा आणि कात्रीने शंकूचा आकार कातरावा, की बाटली धुण्याच्या ब्रशाच्या जातीचे झाड तयार होते. मूळ वस्तू ज्या रीतीने होई त्याच रीतीने तिची लघुप्रत होते. म्हणून तिच्यात खोटेपणा शिरत नाही. विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथे १९५९ पासून निघालेल्या ॲल्युमिनियमच्या झाडांचेही तसेच. धातूवर विजेच्या माळा धोक्याच्या, म्हणून त्यांच्यापुढे रंगीत प्रकाशाचे फिरते चक्र ठेवीत. रंगीत जिलेटिन कागदाच्या चार पाकळ्यांचे ते चक्र बाहुलीच्या दालनात आले की त्या काळाची भाबडी यंत्रभक्ती एकाएकी डोळ्यांपुढे उभी राहते. १९६५ साली चार्ली ब्राउनच्या नाताळपटाने या झाडांची थट्टा केली आणि त्यांचे दिवस फिरले. आज ती पुन्हा, वीतभर उंचीची होऊन, परतली आहेत.

आमच्या वाचकांस लघुसृष्टी नवी नाही. गोव्यातील नाताळचा गोठा आणि आपला दिवाळीचा किल्ला ही तिचीच रूपे. तेथे कोंबडी घराहून मोठी असते, मावळा बुरुजास भारी पडतो, आणि नाचणीच्या अंकुरांस अरण्य मानावे लागते. प्रमाणाचा हा भंग कोणास खटकत नाही. कारण त्या सृष्टीस श्रद्धेने किंवा पराक्रमाच्या कथेने एकत्र धरलेले असते. बाहुलीच्या दिवाणखान्यात तशी कथा नसते. तेथे सर्व भार कारागिरीस आणि स्मृतीच्या सचोटीस पेलावा लागतो. म्हणूनच तिच्याकडून आम्ही अधिक कडक हिशेब मागतो.

तरीही या छंदास आम्ही एक मोठे श्रेय देऊ. रात्रीच्या दिव्याखाली तसूभर कॉलर उलटविताना जिची बोटे दुखू लागतात, तिला प्रथमच कळते की त्या पहिल्या झग्यांवरील टाके कोणीतरी दूर देशी, असेच डोळे ताणून, मजुरीसाठी घातले होते. लाउशाच्या काचफुंक्याची ओळखही तिला याच वाटेने होते. ग्रंथ जे सांगून पटवू शकत नाहीत ते सुई टोचून पटविते. बाहुलीचा झगा शिवून झाल्यावर ज्या हातास दुसऱ्या हाताची आठवण झाली, त्याचा नाताळ खरा. बाकीचा सारा चमकीचा.