‘द्रवहानी’ : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

विंधनशास्त्रातील ‘फ्लुइड लॉस’ आणि ‘लॉस्ट सर्क्युलेशन’ या दोन भिन्न संज्ञांना ‘द्रवहानी’ हा एकच प्रतिशब्द योजण्याचा मोह आवरला पाहिजे. पहिल्या प्रकारात द्रवातील पाणी खडकाच्या छिद्रांत मुरते व मातीचा लेप भोकाच्या भिंतीवर राहतो. तेथे बेंटोनाइटची चिकणमाती बहुधा पुरते. दुसऱ्यात सबंध द्रव भेगेत शिरतो, वर परततच नाही. भेग रुंद असल्यास सिमेंटची स्लरी सोडावी लागते, आणि तीही घट्ट होण्यापूर्वी वाहून गेली तर श्रम व्यर्थ.

पेण-रोह्याच्या बेसाल्टात हा भेद केवळ शाब्दिक नाही. अखंड कातळात पाणी जवळजवळ नसतेच. ते असते सांध्यांत, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत. सबब द्रव गिळणारी भेग हीच पुष्कळदा पाणी देणारी भेग असते. धरणाच्या पायात ती बुजविणे आवश्यक. विंधनविहिरीत बुजविली, तर गावाचे पाणीच तुटावयाचे. ‘हानी’ या शब्दात बुजविण्याचा निर्णय आधीच गृहीत धरला जातो.

पहिल्यास ‘मुरण’ व दुसऱ्यास ‘परतखंड’ म्हणावे, असे सुचवितो. ‘प्रत्यागमनलोप’ अधिक भारदस्त खरा; परंतु यंत्रावरील माणूस तो उच्चारीपर्यंत हौद रिकामा होईल.