मामीची भाऊबीज

दिवाळी अंकात एक लेख हमखास असतो. लेखकाचं नाव बदलतं, गाव बदलतं, लेख तोच राहतो. पहाटेची थंडी, उटण्याचा वास, अंगठ्याखाली फोडलेलं कारीट, किल्ल्यावर पेरलेले अळीव, मामाचं गाव, आजीची गोधडी. आणि शेवटी ‘आता ती दिवाळी राहिली नाही’ हे ठरलेलं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर या अंकांनी मराठी कथेला, कवितेला, व्यंगचित्राला जे दिलं त्याला तोड नाही, त्यामुळे एका लेखावरून सगळ्या परंपरेला नावं ठेवायची नाहीत. पण हा लेख आता छापील अंकातून निघून रीलमध्ये आणि फॅमिली ग्रुपवर पोचलाय. आपण सगळेच तो फॉरवर्ड करतो. तेव्हा तो बनतो कसा, हे उघडून बघायला हरकत नाही.

लेखक पन्नाशीचा असो की सत्तरीचा, या लेखात तो नऊ वर्षांचा असतो. हे वय सोयीचं आहे. सगळं लक्षात राहण्याइतका तो मोठा असतो आणि कुणी काम सांगू नये इतका लहान. मग त्याच्या वाक्यांत काय होतं बघा. फराळाचा घमघमाट सुटतो. घर लख्ख होतं. अंगणात रांगोळी उमटते. पंगत वाढली जाते. घमघमाट कुणी सोडला, घर कुणी लख्ख केलं, हे वाक्याच्या बाहेरच राहतं. हा काही लबाडीचा प्रकार नाही, कॅमेराच तेवढ्या उंचीवर लावलाय. ओट्यावरचं ताट दिसतं, ओट्यासमोर उभं असलेल्या बाईची फक्त पाठ दिसते.

यंदा मोरगावला आमच्या घरात दोन मुलं होती. दादाचा मुलगा नऊ वर्षांचा, माझी लेक वीस महिन्यांची. भाचा बरोब्बर त्या लेखाच्या वयाचा. लेकीला मात्र यातलं काहीही आठवणार नाही, कारण साधारण तीन वर्षांच्या आधीचं माणसाला मोठेपणी सहसा आठवत नाही. म्हणजे एवढ्या लहान मुलासोबतची दिवाळी या प्रकारच्या लेखात बसूच शकत नाही. जिच्यासाठी सगळं चाललंय तिला ते उद्याच आठवणार नाही, आणि ज्यांना आठवेल ते सगळे कामात. अशी दिवाळी लिहायची तर मोठ्या माणसाच्या उंचीवरूनच लिहावी लागेल.

त्या उंचीवरून दिसलं ते असं. पहाटे पाचला पहिला सुतळी बॉम्ब वाजला आणि लेक किंचाळत उठली. तिचं अभ्यंग म्हणजे कडेवर घेऊन केलेली धावपळ. भाच्याने तीन दिवस खपून केलेल्या किल्ल्यावर ती बसली. बालेकिल्ला खचला, एक मावळा तिच्या तोंडातून काढावा लागला. चिवड्यातले शेंगदाणे घशात अडकू नयेत म्हणून वेचून काढायचे, पणत्या उंचावर ठेवायच्या, दुपारी ती झोपली की घर कुजबुजत चालायचं. आम्ही तिला मयुरेश्वराच्या देवळातही नेलं. गणपतीसमोर नंदी हे मोरगावचं वैशिष्ट्य. शंकराच्या देवळाकडे नेताना हा नंदी इथे थांबला आणि मग जागचा हललाच नाही, अशी गोष्ट सांगतात. माहेरी आलेली लेक अशी थांबते खरी. माझ्या लेकीला देवापेक्षा तोच आवडला.

या मुलांच्या हातातल्या फोनवर एक गाणं सतत वाजत असतं. गदिमांचं, मामाच्या गावाला निघालेल्या आगीनगाडीचं. (मोरगावला रेल्वे नाही. आमची आगीनगाडी म्हणजे हडपसरहून दिवे घाट, सासवड, जेजुरी अशी सेकंड हँड वॅगनआर.) गाणं अप्रतिम आहे, ताल असा की वीस महिन्यांचं मूलही गुडघ्यात वाकून नाचतं. पण ते दिवसातून चाळीस वेळा ऐकल्यावर शब्दांकडे लक्ष जातं. मामाच्या घरी एक बाई आहे. ती सुगरण आहे, आणि तिचं काम रोजचं आहे. तिची ओळख मामाच्या नात्याने होते, आणि भाच्यांना ती पदार्थांवरून आठवते. मराठीतल्या या सर्वात लाडक्या सुट्टीत सुट्टी नसलेलं माणूस एकच, ती मामी. गदिमांनी ती निदान गाण्यात घेतली. दिवाळी अंकातल्या लेखाने तिला घमघमाटात विरघळवून टाकलं.

याच्या उलट बाजूला ‘श्यामची आई’ ठेवून बघा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात ‘आनंदाची दिवाळी’ नावाचं प्रकरण आहे. वडिलांचं धोतर फाटलंय. आईला तिच्या भावाकडून भाऊबीजेचे पैसे आले आहेत, आणि त्या पैशांतून ती नवऱ्यासाठी नवं धोतर आणवते. हे पुस्तक म्हणजे रडू आणि संस्कार, असं म्हणून आमच्या पिढीने ते बाजूला ठेवलंय. तरी या प्रकरणात जी गोष्ट आहे ती त्याची नक्कल करणाऱ्यांकडे नाही: इथे हिशेब आहे. पैसे कुणाचे, आले कुठून, गेले कुठे, हे साने गुरुजी सांगतात. आठवणींच्या लेखाने गुरुजींकडून अश्रू तेवढे उचलले, वही तिथेच ठेवली.

मात्र त्या वहीचा गुरुजींनी लावलेला अर्थ मला पटत नाही. पुस्तक याला प्रेम म्हणतं. प्रेम असेलही. पण त्या घरात फक्त तिचे म्हणावेत असे पैसे बहुधा तेवढेच होते, भावाने बहिणीला दिलेले. माहेरून आलेला तो ओघ सरळ सासरच्या गरजेत जिरला, आणि त्याला आनंदाची दिवाळी हे नाव मिळालं. मुलाच्या नजरेतून आई दिसते हे पुस्तकाचं मोठेपण आहे. ती दिसते ती फक्त देताना, ही मर्यादा. तिला स्वतःला काय घ्यावंसं वाटलं होतं, हा प्रश्न श्याम विचारत नाही.

विचारलाय तो जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर भागांतल्या बायकांकडून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आता पारीच्या वेबसाइटवर ऐकता येतो. दिवाळीच्या सुट्टीबद्दलचं मराठीतलं सगळ्यात प्रौढ लेखन मला तिथे सापडलं, आणि ते लिहिलेलंच नाही. त्यात भाऊ आहे, बहिणीला न्यायला येणारा मुराळी आहे, त्याची वाट बघणं आहे. आणि भावजय आहे. तिच्याबद्दल ओव्या गोड बोलत नाहीत. नणंदेला भावजय खुपते, कारण माहेरचा ओटा आता भावजयीच्या ताब्यात असतो. ही कुरकुर ऐकायला बरी वाटत नाही, पण आठवणींच्या लेखापेक्षा ती खरी आहे. निदान तिथे मामीला स्वभाव आहे.

बहिणाबाई चौधरींनी तर या सगळ्याचं गणितच मांडलं. माहेरचे गोडवे गातेस, मग सासरी आलीस कशाला, असं विचारणाऱ्या योग्याला त्यांनी दिलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मदर्स डेला ते गुलाबाच्या फोटोवर छापून येतं. गुलाब बाजूला सारून वाचलं तर तो व्यवहार आहे. एका बाईचा विसावा दुसरीच्या राबण्यावर उभा राहतो, आणि ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. बहिणाबाई ते गोड करून सांगतात, हेही खरं. त्यांच्या आयुष्यात या साखळीला दुसरा पर्याय होता कुठे? आपण मात्र आजही तिला फक्त गोडच म्हणतो.

आता भाऊबीज. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ला, ती २३ ऑक्टोबरला होती. हा सण नीट बघितला तर डेडलॉक आहे. ऑफिसात आम्ही हा शब्द वापरतो: दोन प्रोसेस एकमेकींच्या ताब्यातल्या गोष्टीची वाट बघत बसतात आणि सगळं ठप्प होतं. मला दादाला ओवाळायचं, म्हणजे दादा घरी हवा, माझं ताट वाढायला वहिनी घरी हव्यात. वहिनींना इंदापूरकडे त्यांच्या भावाला ओवाळायचंय, म्हणजे तिथे त्यांची भावजय घरी हवी. तिलाही भाऊ आहे. इकडे माझी नणंद तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला ओवाळायची, तर तो माझ्यासोबत मोरगावला. प्रत्येक बाई एकाच दिवशी दोन घरांत हवी आहे. डेडलॉक सोडवायचा तर कुणीतरी हातातलं सोडावं लागतं, आणि आमच्याकडे कुणी सोडायचं हे लग्नाच्या वेळीच ठरतं.

मोरगावात याला आणखी एक गाठ आहे. दादाचं हार, दूर्वा, नारळाचं दुकान देवळाजवळ. दिवाळीची सुट्टी लागली की अष्टविनायकाच्या गाड्या सुरू होतात. यात्रेची सुरुवात मोरगावहून आणि प्रथेप्रमाणे शेवटही इथेच, त्यामुळे काही गाड्या दोनदा येतात. पुण्या-मुंबईची सुट्टी हा आमच्या आळीचा कमाईचा हंगाम. पहाटे फुलं आली की घरातले सगळे हात हार ओवतात, वहिनींचे सगळ्यात आधी. भाऊबीजेला दुकान बंद ठेवून बायकोला माहेरी पोचवायला जाणं दादाला परवडत नाही. म्हणून वहिनींची भाऊबीज आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी व्हायची. गर्दी ओसरली की.

यंदा वहिनींनीच पाडव्याच्या रात्री विषय काढला. आईसमोर, भांडी विसळता विसळता. “ताई, तुम्ही आहात चार दिवस. मी उद्या सकाळी जाऊन येऊ का?” आई आधी म्हणाली, “अगं, लेक आलीय घरी.” मग तीच म्हणाली, “जा. पण सातची एसटी धर, नंतर उभं राहायला जागा नसते.” दादा काही बोलला नाही, त्याने भाच्याची बॅग भरली. त्यात किल्ल्यावरचे उरलेले मावळेही टाकले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड-पुरी झाली नाही. पिठलं-भाकरी झाली, तीही आईने आणि मी. माझा नवरा लेकीला गळ्यात अडकवून दुकानात नारळ मोजून देत होता आणि तिने एका गिऱ्हाइकाच्या दूर्वा खाल्ल्या. मी दादाला दुकानातच, गल्ल्यासमोर ओवाळलं. त्याने गल्ल्यातूनच ओवाळणी काढून दिली. यावरून कुणी गहिवरणारा लेख लिहिणार नाही, पण लिहिलाच तर त्यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता असेल.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. बॅटरी संपत आलेली, मागे फटाके. मामाने नवी सायकल दाखवली, मामीने बासुंदी केली, तिने दोनदा वाढली, असं तो एका दमात सांगत होता. हा मुलगा चाळीस वर्षांनी दिवाळी अंकात लिहिणार, हे मला तेव्हाच कळलं. वहिनींनी फोन घेतला तेव्हा मी विचारलं, “मामीची भाऊबीज कधी?”

“शनिवारी जाणार म्हणतेय,” वहिनी म्हणाल्या. “कारखाना सुरू व्हायचाय. बघू.”