मापन की अनुमान?

पॉल मायर व केनेथ झिअर्लर यांच्या १९५४ मधील निबंधाच्या शीर्षकात रक्तप्रवाहाच्या ‘मापना’चा उल्लेख आहे. पुढे त्यांचे सूत्र चुंबकीय अनुनाद प्रतिमांना लागू झाले, तेव्हा तो शब्दही निमूटपणे सोबत आला. सूत्र साधे आहे: ऊतीतील रक्ताच्या घनफळास ते रक्त पार होण्याच्या सरासरी काळाने भागावे. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीत ४ मिलिलिटर रक्त व संक्रमणकाळ ४.८ सेकंद असल्यास प्रवाह मिनिटास ५० मिलिलिटर येतो. परंतु प्रतिमेत दिसते ती गॅडोलिनियमयुक्त द्रव्याने संकेतात पडणारी घट, प्रवाह नव्हे. तो अनुमानिला जातो.

नैयायिकांनी अग्नीवरून धुराचे अनुमान ओल्या इंधनाच्या उपाधीमुळे सदोष ठरविले. येथील उपाधी ही की, मोठ्या धमनीत टिपलेला वक्रच ऊतीत शिरणारा वक्र असावा. मानेतील धमनी अरुंद झाली असता द्रव्य मेंदूत उशिरा व विखरून पोचते. ऑस्टरगार्ड प्रभृतींच्या १९९६ मधील गणनपद्धतीत अशा वेळी संक्रमणकाळ फुगतो व प्रवाह खऱ्याहून कमी ठरतो. वू प्रभृतींच्या २००३ मधील सुधारणेने विलंबाचा दोष बव्हंशी हटला, विखुरण्याचा नाही. अर्बुदात तर रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा भंगून द्रव्य पाझरते आणि घनफळाचा हिशेबच ढळतो. रंगीत नकाशावर आकडा मात्र सर्वत्र सारख्याच ठामपणे उमटतो.

मूळ निबंधकारांकडे हा दोष जात नाही. प्रवाह स्थिर असावा, द्रव्याने रक्ताचेच प्रतिनिधित्व करावे, ही गृहीतके त्यांनी स्पष्ट नोंदविली होती.