कलकत्त्याचा मराठा खंदक

कलकत्त्याच्या 'मराठा खंदका'चें नांव ऐकतांच महाराष्ट्रीय वाचकास अभिमान वाटतो, व मराठ्यांनीं त्या शहरास वेढा घातला असावा असा त्याचा समज होतो. हा समज साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं.

इ. स. १७४२ त नागपूरकर रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगाल्यांत उतरला. त्या धास्तीनें कलकत्त्याच्या रहिवाशांनीं कंपनीची परवानगी घेऊन शहराभोंवतीं सात मैलांचा खंदक योजिला. पण सुमारें तीन मैल खणून होतांच, मराठे येत नाहींत असें पाहून काम सोडिलें. म्हणजे ज्यांचें नांव खंदकास मिळालें त्यांची त्याच्याशीं गांठच पडली नाहीं. गांठ पडली ती सिराजउद्दौल्याची. १७५६ च्या जूनमध्यें त्याची फौज बागबाजाराकडे अडली खरी, परंतु दुसऱ्या वाटेनें ती आंत शिरली, आणि २० जून रोजीं फोर्ट विल्यम पडला.

आज तेथें जाणाऱ्यास खंदक दिसत नाहीं. १७९९ पासून तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यांत आला. आतां त्या रस्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय व आचार्य जगदीशचंद्र बोस यांचीं नांवें आहेत. रस्त्याचें वळण आणि बागबाजारांतील 'मराठा डिच लेन' हें गल्लीचें नांव, एवढीच खूण उरली आहे.

मग ही खूण साक्ष देते ती कशाची? आमच्या मतें पराक्रमाची नव्हे, भयाची. त्या भयाचें स्वरूप पाहावयाचें तर गंगारामाच्या 'महाराष्ट्रपुराण' ह्या, इ. स. १७५१ च्या सुमाराच्या, बंगाली काव्याकडे वळलें पाहिजे. शिव नंदीस शाहूराजाकडे धाडतो, हा त्यांतील पौराणिक भाग इतिहास म्हणून अर्थातच त्याज्य होय. परंतु बर्गींच्या, म्हणजे आपल्या बारगीरांच्या, भयानें पळणाऱ्या लोकांचें वर्णन त्याबरोबर टाकून देतां येत नाहीं. कवि एकांगी आहे असेंही म्हणवत नाहीं; अलीवर्दीखानानें १७४४ त भास्कररामास भेटीस बोलावून केलेला घातही त्यानें वर्णिला आहे. त्या पळणाऱ्यांत पोथ्यांचे भार वाहणारे पंडित आहेत. पोथ्या जमविण्यांत आयुष्य वेंचणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे.

चौथाईचे आंकडे आपण आपल्या दप्तरांतून काढितों. ती ज्यांच्याकडून वसूल झाली त्यांचे कागदही तितक्याच आस्थेनें पाहिले पाहिजेत. स्वपक्षाचा म्हणून पुरावा ग्राह्य व परपक्षाचा म्हणून त्याज्य, हा न्याय नव्हे.