कासची फुले आणि फिरता कॅमेरा

एखादे चित्रण स्वच्छ दिसत नसले म्हणजे त्याचा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे; परंतु ही रीत न्यायाची नव्हे. प्रेक्षकाच्या पदरी पडणारी स्पष्टता भिंगावर जितकी, तितकीच नंतरच्या काटकसरीवर अवलंबून असते. त्या काटकसरीस कॅमेऱ्याची चंचलता किती मारक होते, हे साताऱ्याजवळील कास पठाराच्या चित्रणांत फार चांगले दिसून येते.

पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस इवल्या फुलांचे ताटवेच्या ताटवे उमलतात. १९२० गुणिले १०८० पिक्सेलांची चौकट, सेकंदास २५ फ्रेमा, असे हे दृश्य जसेच्या तसे पाठवावयाचे तर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट लागतील. इंटरनेटवरून घरी पोहोचतात ते पुष्कळदा ५० लाखांच्या आसपास! यासच कॉम्प्रेशन म्हणतात. चित्राचे चौकोनी तुकडे पाडावयाचे, मागील फ्रेमेतील कोणता तुकडा कोठे सरकला एवढेच कळवावयाचे आणि उरलेला फरक स्थूलमानाने द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. नुसता खडक सरकला तर हिशेब जमतो. परंतु वाऱ्यावर प्रत्येक फूल निराळे डोलू लागले आणि त्यात हाती धरलेला कॅमेराही थरथरू लागला, की अंदाज चुकतो. मग बारकावे टाकून दिले जातात आणि फुलांच्या जागी जांभळा लगदा उरतो.

कॅमेरा अतिवेगाने फिरला तर हे एक वेळ खपून जाते. कारण त्या धूसरपणात डोळ्यासही पाकळी दिसत नाही. खरी हानी संथ फिरण्यात आहे. तेथे नजर फुलामागून चालते आणि हरवलेले तिला तत्काळ जाणवते.

याच्या उलट, कृष्णेच्या काठाने खाली सांगलीस यावे. तेथे स्थिर कॅमेऱ्यातून घेतलेल्या दृश्यात आयर्विन पूल, घाट आणि काठ जागच्या जागी राहतात; त्यांवर फारसा खर्च होत नाही आणि बहुतेक शिल्लक वाहत्या पाण्याच्या वाट्यास येते. चंचल नदीस स्थिर कॅमेराच न्याय देतो.

पठाराची विशालता दाखविण्यास कॅमेरा फिरविलाच पाहिजे, असे कोणी म्हणेल. अवश्य फिरवावा, पण तिपाईवरून, आणि फिरून झाल्यावर एखाद्या फुलापाशी त्याने चार क्षण थांबावे. मूळ चित्रणही जपून ठेवावे. कारण मोबाइलवरून पुढे धाडताना ते बहुधा पुन्हा आकसते, आणि एकदा गेलेली पाकळी परत येत नाही. वार्धक्यामुळे ज्यांस पठार चढवत नाही आणि परदेशी वाढलेल्या ज्या मुलांनी ते पाहिलेच नाही, त्यांचे कास हेच आहे. त्यांस एक तरी फूल ओळखता यावे, एवढी अपेक्षा चित्रणकारांकडून करणे फाजील होणार नाही.